आधी ओल तपासा
जिप्सम बोर्ड बसवायला आधाराच्या पट्ट्या थेट ब्लॉकच्या भिंतीवर ठोकू की भिंतीपासून सुटी चौकट उभारू, असं विचारलंत. त्याआधी ओल बघा. भिंतीवर दोन फुटी प्लास्टिकच्या चारही कडा चिकटपट्टीने बंद करून दोन दिवस ठेवा. भिंतीकडच्या बाजूला थेंब जमले, तर पाणी भिंतीतूनच येतंय; आधी बाहेरची गळती थांबवा. नाशिकला इंदिरानगरच्या आमच्या घरात ही घाई केली, आणि दुसऱ्याच पावसाळ्यात जिप्सम बोर्डाचा तळ भिजून बोटांनी तुटायला लागला. फार जीव तुटला.

भिंत कोरडी आणि ओळंब्यात, म्हणजे अगदी सरळ उभी असेल तर पट्ट्याच लावा, जागा वाचते. ओळंबा चुकलेला असेल तर इंचभर अंतर सोडून जीआय स्टड (जस्त चढवलेल्या पत्र्याचे उभे खांब) उभे करा. टीव्हीचं वजन पेलायला त्यामागे प्लायवुड मात्र आत्ताच बसवून घ्या.