मदत हवी आहे: कोरोनानंतर भावाला धडधड आणि विसराळूपणा, कुठे दाखवावं?

नमस्कार मंडळी. दारव्हा तालुक्यातल्या खेड्यातून लिहितोय. प्रश्न मोठ्या भावाचा आहे. वय ४६, बीपी-शुगर नाही, बिडी-खर्रा नाही (आमच्याकडे असा माणूस शोधावा लागतो).

२०२१ च्या दुसऱ्या लाटेत दादा भरती होता. ऑक्सिजन लागला, व्हेंटिलेटर नाही. स्टेरॉइड आणि रक्त पातळ करायची इंजेक्शनं झाली. सुटीच्या कार्डावर डी-डायमर (रक्तात गुठळ्या होत असल्याचा अंदाज देणारी तपासणी) वाढलेलं लिहिलं आहे.

तेव्हापासून बसला की बरा असतो, उभा राहिला की छातीत धडधड आणि डोळ्यांपुढे अंधारी. बोटाला लावायच्या मशीनवर बसून ठोके ८० च्या आसपास, उभं राहून थोड्या वेळानं ११५-१२०. ऑक्सिजन ९७. डवऱ्यामागे (बैलांच्या कोळपणीच्या अवजारामागे) सकाळ घालवली की दुसरा दिवस खाटेवर.

मला त्याच्या डोक्याची जास्त काळजी आहे. कापसाच्या काट्यावर उभा राहून वजन, कट्टी, हमाली सगळं तोंडी जुळवणारा माणूस आता बोलता बोलता अडकतो. विहिरीवरची मोटर सुरू ठेवून घरी येतो. "डोकसं जड वाटते, शब्दच सापडत नाही," म्हणते. वहिनी म्हणते टेन्शन आहे. गावात म्हणतात, लस घेतली म्हणून हार्ट गेलं. हे ऐकून तो दवाखान्यातच यायला तयार नाही.

तालुक्याला ईसीजी काढला, नॉर्मल. अशक्तपणा सांगून सलाईन लावली. सलाईननंतर एक-दोन दिवस खरंच बरा होता.

आधी हृदयाचा डॉक्टर की मेंदूचा? यवतमाळ, सेवाग्राम की नागपूर? एमआरआय योजनेत बसतो का?

आलापल्लीकर: फवारणी करतो का दादा? २०१७ मध्ये आपल्या यवतमाळात फवारणीच्या विषबाधेनं शेतकरी-मजूर दगावले, ते सगळ्यांनी पाहिलं आहे. सगळंच कोरोनावर ढकलू नका.

धागाकर्ता: हंगामात करतो. पण धडधड उन्हाळ्यातही असते, तेव्हा पंपाला हातसुद्धा लागत नाही.

फिजिशियन विदर्भ: फवारणीचं डॉक्टरांना सांगाच. पण त्या विषबाधेत बहुधा घाम, लाळ सुटते, डोळ्यांच्या बाहुल्या बारीक होतात. हे चित्र वेगळं दिसतं. न तपासता निदान सांगणार नाही, दिशा सांगतो.

उभं राहिल्यावर दहा मिनिटांत ठोके ३० किंवा जास्त वाढले आणि बीपी फारसं पडलं नाही, तर पॉट्स या विकाराची शंका घेतात. कोरोनानंतर हे दिसतं. उभं राहिलं की रक्त पायांकडे उतरतं, शिरा पुरेशा आवळल्या जात नाहीत, मग हृदय पळून भरपाई करतं. सलाईननं बरं वाटणं याच्याशी जुळतं. म्हणून सलाईन लावत बसायचं असं नाही. रक्त कमी असणं, थायरॉइड, ठोक्यांची लय बिघडणं, सुजेनंतर हृदयाचा स्नायू दुबळा होणं, हे आधी वगळायला हवं. ईसीजी काही सेकंदांचा असतो, त्यामुळे तो नॉर्मल असला तरी टूडी इको (हृदयाची सोनोग्राफी) आणि २४ तासांचा होल्टर (अंगावर लावून ठोके नोंदवणारं यंत्र) करून घ्या. सोबत हिमोग्लोबिन, टीएसएच (थायरॉइडची तपासणी), बी-१२, आणि आडवं व उभं असताना बीपी. मीठ-पाणी वाढवायचं ते इको पाहिल्यावरच.

अमेरिकेतल्या माजी सैनिकांच्या नोंदींवर २०२२ मध्ये मोठा अभ्यास आला. कोरोनानंतरच्या वर्षात हार्ट फेल्युअरचा (हृदय कमजोर पडण्याचा) धोका कोरोना न झालेल्यांपेक्षा ७२ टक्के, पक्षाघाताचा ५२ टक्के जास्त होता. मूळ धोकाच लहान, त्यामुळे बहुतेकांना काही होत नाही. पण भरती झालेल्यांत तो जास्त दिसला, म्हणून दादाला टाळू नका. त्याच वर्षी ब्रिटनमध्ये ७८५ जणांचे मेंदूचे आधीचे-नंतरचे स्कॅन ताडून पाहिले. कोरोना झालेल्यांत वासाशी जोडलेले मेंदूचे भाग किंचित जास्त आक्रसले होते. इतका बारीक फरक एका माणसाच्या साध्या एमआरआयमध्ये कळत नाही. तो नॉर्मल आला म्हणून "मनाचे खेळ" हे ऐकून घेऊ नका.

लसीचं म्हणाल तर १८ ते ४५ वयाच्या अचानक मृत्यूंवर आयसीएमआरचा (सरकारी वैद्यकीय संशोधन संस्थेचा) अभ्यास २०२३ मध्ये आला. लसीनं धोका वाढलेला दिसला नाही. कोरोनात भरती झालेलं असणं, घरात असा मृत्यू, अति दारू, झेपणार नाही इतकी मेहनत यांनी वाढलेला दिसला. दादाला हे वाचून दाखवा, आणि तूर्त डवरा दुसऱ्याच्या हाती द्या.

संत्रानगरी: आधी यवतमाळ मेडिकल किंवा सेवाग्रामला मेडिसिन ओपीडी. पुढचं लागलं तर ते नागपूरच्या सुपर स्पेशालिटी हॉस्पिटलला पाठवतील, तिथे हृदय आणि मेंदू दोन्ही विभाग आहेत. फुले जन आरोग्य योजना मुख्यतः भरतीच्या उपचारांची, ओपीडीतला एमआरआय त्यात धरू नका. सुटीच्या कार्डाच्या झेरॉक्स न्या.

धागाकर्ता: खूप आभार. सेवाग्रामला नेतो. तोवर घरी कशावर नजर ठेवू?

फिजिशियन विदर्भ: तोंड वाकडं होणं, एका हातातली ताकद जाणं, बोली अचानक बोबडी होणं, छातीत दाब, एक पाय सुजून दम लागणं. यातलं काहीही दिसलं तर गावात सलाईन नाही, १०८. पक्षाघात वाटला तर थेट सीटी स्कॅन असलेल्या दवाखान्यात. गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साडेचार तासांच्या आतच देता येतं, म्हणून लक्षण सुरू झाल्याची वेळ लिहून ठेवा.