मदत हवी आहे: बाबांना 'नॅनो झिंक'ची पूड द्यावी का?

नमस्कार मंडळी,

बाबांना गालाच्या आतल्या बाजूचा कॅन्सर आहे. ऑपरेशन झालं, आता खारघरला टाटाच्या ॲक्ट्रेकमध्ये रेडिएशन आणि सोबत सिस्प्लॅटिनची केमो चालू आहे. रोजची ठाणे-पनवेल लोकल, मी आणि आई आलटूनपालटून.

रविवारी डोंबिवलीचा मामा 'नॅनो झिंक ऑक्साइड'ची, म्हणजे त्याच्या अतिसूक्ष्म कणांची डबी घेऊन आला. महिन्याचे आठ हजार. म्हणे कॅन्सरच्या पेशी मरतात, चांगल्यांना धक्का नाही, आणि पुरावा म्हणून चार पीडीएफ. ऑपरेशनच्या वेळी रक्तासाठी याच मामाने रात्रभर धावपळ केलीय, त्यामुळे तोंडावर नाही म्हणवत नाही.

पीडीएफ वाचल्या (बीएस्सी केमिस्ट्री, पण गंज चढलाय). खोट्या वाटल्या नाहीत. गाठीच्या आसपास आम्लता जास्त, तिथे कण विरघळतो, झिंकचे आयन सुटतात, पेशीचं आतून ऑक्सिडेशन होऊन ती मरते. पण तीन प्रयोग बशीतल्या पेशींवरचे, चौथा उंदरांवरचा, तोही इंजेक्शनने. मामाची पूड दुधातून घ्यायची आहे!

झिंक ऑक्साइडवर हायड्रोक्लोरिक आम्ल ओतलं की ते विरघळतं, हे प्रॅक्टिकलला केलंय. पोटातही तेच आम्ल. मग गालापर्यंत 'नॅनो' पोचणार कसं? मी चुकतेय का? डॉक्टरांना गुरुवारी विचारणारच आहे, तोवर काही देत नाहीये. पण असं खरं औषध कुठे आहे का? आणि मामाला काय सांगू?

खाडीकाठचा: चुकत नाहीस. पोटात गेल्यावर ती साधी झिंकची पूड. खरी उदाहरणं आहेत, पण वेगळी. लोह ऑक्साइडचे कण मेंदूच्या गाठीत सोडून बदलत्या चुंबकीय क्षेत्राने तापवायचे, या जर्मन पद्धतीला युरोपात 2010 मध्ये मान्यता मिळाली. 2019 मध्ये हाफ्नियम ऑक्साइडला, तेही सार्कोमासाठी (स्नायू-चरबीसारख्या मऊ भागातला कॅन्सर). जड अणू, क्ष-किरण जास्त शोषतो, त्यामुळे रेडिएशनचा मारा गाठीतच वाढतो. चाचणीत नुसत्या रेडिएशनने 8 टक्के, कणांसह 16 टक्के रुग्णांची गाठ जवळजवळ पूर्ण मेलेली दिसली. दोन्हीकडे कण थेट गाठीत टोचतात. दूध नाही.

वाशीकर_ताई: झिंक जास्त दिवस भरपूर घेतलं की शरीरातलं तांबं घटतं, पांढऱ्या पेशीही उतरतात. केमोत त्या आधीच उतरलेल्या असतात गं. गुरुवारी डबीच घेऊन जा. आणि मामांना नाही म्हणूच नकोस, कामाला लाव. भारतात माणसांवरच्या औषधचाचणीची सीटीआरआयवर (चाचण्यांची सरकारी ऑनलाइन नोंदवही) नोंद 2009 पासून बंधनकारक आहे, आणि चाचणीतल्या औषधाचे पैसे रुग्णाकडून घेत नाहीत. विकणाऱ्याकडून नोंदणी क्रमांक आणा म्हणावं.

धागाकर्ती: मामाला फोन केला. "आत्ता मागतो," म्हणाला. संध्याकाळी पुन्हा फोन आला तेव्हा क्रमांकाचं नावही काढलं नाही, बाबा जेवले का एवढंच विचारलं. डबी फाइलच्या पिशवीत टाकलीय.