भांडण झालं की पोरांना नुसतं ‘माफ कर’ सांगणं बरोबर आहे का?

शहादेकर

जय ख्रिस्त. गेल्या रविवारी उपासना सुटल्यावर आमच्या मंडळीत पालकांची बैठक झाली. मुलांना घरी काय शिकवायचं, हा विषय. बहुतेकांचं मत पडलं की क्षमा हीच ख्रिस्ती घराची ओळख, म्हणून पोरं तक्रार घेऊन आली की “प्रभूनं आपल्याला माफ केलं ना, मग तूही कर” एवढं सांगून विषय मिटवावा. हिशेब ठेवायची सवय लावू नये. मला हे पटलं नाही. तिथं सविस्तर बोलता आलं नाही, म्हणून इथं मांडतो.

‘माफ कर’ हे आपण सांगतो कोणाला, ते आधी बघा. जो रडतोय त्याला. ज्यानं हिसकावलं त्याच्या तोंडून एक ‘सॉरी’ वदवून घेतलं की तो खेळायला मोकळा. अशा घरात पोरं क्षमा शिकत नाहीत. गरीब स्वभावाच्यानं सोसायचं असतं, एवढंच शिकतात. आणि दांडगट पोरगं शिकतं की एका शब्दात सगळं फिटतं.

बायबलमधल्या लूक 19 मधला जकातदार जक्कय घ्या. प्रभू त्याच्या घरी आधी गेला, ही कृपा. पण जक्कय उभा राहून म्हणाला काय? अर्धं धन गरिबांना, आणि ज्याचं लुबाडलं असेल त्याला चौपट. हा चौपटीचा आकडा त्यानं हवेतून काढला नाही. चोरून कापलेल्या किंवा विकलेल्या मेंढराबद्दल चार मेंढरं आणि बैलाबद्दल पाच बैल भरून द्यावेत, असं निर्गम 22 मध्ये आहे. नाथान संदेष्ट्यानं श्रीमंतानं गरिबाची एकुलती एक कोकरी हिसकावल्याची गोष्ट सांगितली तेव्हा दावीद राजाही चौपटच म्हणाला. म्हणजे भरपाई ही पवित्र शास्त्रातली रोजच्या व्यवहारातली गोष्ट आहे.

आमच्याकडे धाकट्यानं ताईची रंगपेटी मोडली तर तो ती भरून देतो, खाऊच्या पैशातून, वेळ लागला तरी चालेल. मध्येच ताई म्हणाली “राहू दे रे आता”, तर प्रश्न मिटला. पण ते तिनं म्हणायचं, मी नाही.

पिंपळनेरचे आजोबा

शहादेकर भाऊ, तुमची तळमळ दिसते. पण मी आयुष्याचा मोठा काळ संडे स्कूल घेतलं, त्या अनुभवावरून तुमच्या विरुद्ध बाजूनं बोलतो.

न्याय मुलांना शिकवावा लागत नाही. नीट बोलता येत नाही त्या वयातही ‘त्याला मोठा तुकडा, मला लहान’ हे लेकराला बरोबर कळतं. शिकवावं लागतं ते सोडून देणं, कारण ते रक्तात नसतं. लूक 15 मध्ये धाकटा सगळं उधळून परत आला आणि बापानं मेजवानी दिली, त्या घरी सगळ्यात पक्का हिशेब कोणाकडे होता? थोरल्या मुलाकडे. इतकी वर्षं राबलो, एक करडूसुद्धा दिलं नाही, धाकट्यासाठी मात्र पोसलेलं वासरू. त्याचा एकही शब्द खोटा नाही. आणि तरी आत जेवण चालू असताना तो बाहेर उभा आहे. तुमच्या रंगपेटीच्या शिस्तीतून हा थोरला मुलगा तयार होईल, अशी मला भीती वाटते.

मत्तय 20 मधला द्राक्षमळाही आठवा. सकाळपासून उन्हात तळलेल्याला एक दिनार आणि शेवटचा तासभर आलेल्यालाही एक दिनार. काट्यावर तोललं तर हा अन्यायच. प्रभू म्हणतो, स्वर्गाचं राज्य असं आहे.

आणखी एक. आपली घरं गावात मोजकी. बांधावरून, नळावरून, मिरवणुकीच्या वाटेवरून प्रत्येक वेळी ‘माझा हक्क’ म्हणत बसलो तर गावात राहणं कठीण. आपल्या वाडवडिलांनी सोडून दिलं, म्हणून आपण इथं टिकलो.

रावेरची लेक

आजोबा, नमस्कार. थोरल्या मुलाचं तुम्ही सांगितलंत, मी दुसऱ्या एका घराचं सांगते. दावीदाचं घर, 2 शमुवेल, अध्याय 13.

अम्नोननं सावत्र बहीण तामार हिच्यावर अत्याचार केला. तिनं दुःखानं डोक्यावर राख टाकली, अंगरखा फाडला, मोठ्यानं रडत गेली. लपवलं नाही तिनं काही. सख्खा भाऊ अबशालोम तिला काय म्हणाला? आता गप्प राहा, तो तुझा भाऊ आहे. आणि दावीद? त्याला फार संताप आला, एवढंच लिहिलंय. पुढं त्यानं केलं काहीच नाही. परक्याच्या कोकरीबद्दल चौपट भरपाई सांगणारा राजा स्वतःच्या लेकीच्या वेळी गप्प बसला.

दोन वर्षं त्या घरात वरवर सगळं शांत होतं. मग मेंढरांची लोकर कातरायच्या मेजवानीत अबशालोमनं अम्नोनला मारवलं. तेवढ्यावर संपलं नाही. अध्याय 15 मध्ये हाच अबशालोम नगराच्या वेशीपाशी पहाटे उभा राहतो आणि फिर्याद घेऊन येणाऱ्याला म्हणतो, तुझं म्हणणं रास्त आहे, पण ऐकून घेणारं कोणी नाही. मला न्यायाधीश केलं असतं तर मी न्याय दिला असता. ज्याच्या घरात न्याय झाला नाही तो वेशीत उभा राहून न्यायाचीच हाक देतो, आणि लोक त्याच्यामागे जातात. राज्य दुभंगलं ते इथून.

संडे स्कूलमध्ये आम्हाला दावीद आणि गल्याथ शिकवला, मेंढपाळ दावीद शिकवला. हा अध्याय कोणी उघडला नाही. लहानांसमोर उघडूही नये, मान्य. पण आईबापांच्या बैठकीत उघडा की! ‘गप्प राहा, भाऊ आहे तो’ हे वाक्य आपल्या किती घरांत बोललं जातं, विशेषतः मुलींना, ते तिथं मोकळेपणानं विचारा.

धुळ्याची आई

थोडं वेगळं बोलते. माझ्या दोन मुलांपैकी एकाला चालता येत नाही. त्याच्या फिजिओथेरपीत, औषधात, माझ्या वेळात त्याचाच मोठा वाटा जातो. शहादेकर दादांसारखा काटा लावला तर माझ्या दुसऱ्या मुलाची बाकी कधीच फिटायची नाही. त्याला मी एवढंच सांगते की या घरात ज्याला जेवढी गरज तेवढं मिळतं. तू तापानं फणफणलास तेव्हा रात्रभर तुझ्याजवळ होते. प्रेषितांची कृत्ये, अध्याय 2 मध्ये पहिल्या मंडळीत वाटप गरजेप्रमाणेच होत होतं. सारखं वाटणं म्हणजे न्याय, हे मला मान्य नाही. पण ‘सोड, माफ कर’ हेही मी त्याला सांगत नाही, कारण त्याच्या भावानं त्याचं काही चोरलेलं नाही.

नवापूरकर

सगळं वाचलं. चर्चा घराच्या चार भिंतींतच फिरतेय. रंगपेटी, करडू, वाटा. पोरं न्याय शिकतात ती आपण बाहेरच्या माणसाशी कसं वागतो ते बघून.

आमच्याकडून दिवाळी झाली की घरंच्या घरं उचल घेऊन गुजरातकडे ऊसतोडीला जातात. बारडोलीच्या बाजूला. नवरा-बायको मिळून एक कोयता. लेकरं सोबत, शाळा सुटते. हंगाम संपल्यावर मुकादम हिशेब करतो तेव्हा उचल फिटलेली असते की नाही, ते त्याच्या वहीत. त्या लेकरांतली काही आपल्याच मंडळीतली आहेत. त्यांना आपण ‘हिशेब ठेवू नका, माफ करा’ शिकवायचं? अंक शिकवा, वही शिकवा, आपली मजुरी मोजायला शिकवा! मजुराची मजुरी सूर्य मावळायच्या आत द्या, तो गरीब आहे, त्याचा जीव त्यात अडकलेला असतो, असं बायबलातल्या अनुवाद या पुस्तकाचा अध्याय 24 सांगतो. याकोबाच्या पत्रात अडवून ठेवलेली मजुरी ओरडते आहे.

आजोबा, सोडून देणं शिकवायचं असेल तर ते ज्याच्या हातात काठी आहे त्याच्या पोराला आधी शिकवा.

अमळनेरचे मास्तर

मी ख्रिस्ती नाही, पण वर्गात सगळ्यांची पोरं असतात म्हणून लिहितो. साने गुरुजींनी आमच्या गावात 1924 ते 1930 शिक्षकी केली. त्यांची ओळख प्रेमळ, हळव्या मनाची. पण 1947 साली पंढरपूरचं विठ्ठल मंदिर हरिजनांना खुलं व्हावं म्हणून प्राणांतिक उपोषणाला बसले ते हेच गुरुजी. जो माणूस मुलांच्या केसांतून हात फिरवायचा, त्यानं ‘सोसून घ्या’ असं दाराबाहेरच्यांना सांगितलं नाही. प्रेम आणि न्याय यांत निवड करावी लागते, असं मला तरी कधी वाटलं नाही.

वर्गातलं सांगायचं तर सगळ्या वर्गाला मिळून दिलेली शिक्षा पोरं वर्षानुवर्षं विसरत नाहीत. छडीचा वळ विसरतात.

शहादेकर

मास्तर, आभार. धुळ्याच्या ताई, तुमच्याशी माझं भांडणच नाही. गरजेप्रमाणे देणं हा न्यायच आहे, आणि तुमच्या मोठ्या मनाला सलाम.

आजोबा, द्राक्षमळ्याबद्दल. तो दाखला मी परत वाचला. मालकानं पहाटेच्या मजुरांशी एक दिनार ठरवला आणि संध्याकाळी तो पुरा दिला. त्यांच्या मजुरीतून कापून शेवटच्यांना दिला नाही. जास्तीचं दिलं ते स्वतःच्या कनवटीचं. ‘जे माझं आहे त्याचं मी हवं ते करू नये का’ हेच तो विचारतो. मी जेव्हा माझ्या लेकीला सांगतो की सोड ना, तुझी पेटी मोडली तर मोडली, तेव्हा मी उदार होतो ते तिच्या खिशातून. बापाला तो अधिकार नाही. माझं काही मोडलं असेल तर मी दहादा माफ करीन, पोरांच्या देखत.

नवापूरकर भाऊ, तुमचं मनाला लागलं आणि पटलं. कापूस वेचणीच्या दिवसांत आमच्या शेतात संध्याकाळी बांधावरच्या निंबाला काटा टांगतो. बाया गाठोडी आणतात. मोठी मुलगी वही घेऊन बसते, नाव आणि किलो लिहिते, आणि प्रत्येकीला आकडा वाचून दाखवते, कारण सगळ्यांना वाचता येत नाही. गाठोड्याचं फडकं आधी वेगळं तोलतो आणि तेवढंच वजा करतो. सरसकट किलोभर कापत नाही. एकदा तिनं विचारलं, “पप्पा, एवढ्याशानं काय फरक पडतो?” मी म्हटलं, एका गाठोड्याचा नको, हंगामाचा हिशेब कर. वहीवर तिनंच गुणाकार केला. खोट्या तराजूचा परमेश्वराला वीट आहे, हे नीतिसूत्रे 11 मधलं वचन तिला पाठ होतं. काट्यापाशी बसल्यावर ते कशाबद्दल आहे ते तिला कळलं.

पिंपळनेरचे आजोबा

मजुरीच्या बाबतीत माझा विरोध कधीच नव्हता. दुसऱ्याचं देणं चोख द्यावं. माझा मुद्दा स्वतःच्या येण्याचा आहे. दोन्ही एकत्र करू नका.

रावेरच्या ताई, दावीदाच्या घराचं तुम्ही म्हणालात ते खरं आहे, आणि बैठकीत तो अध्याय घ्यावा हेही मी आमच्या पाळकसाहेबांना सांगीन. तामारेवर जे झालं तो गुन्हा. तिथं ‘माफ कर’ म्हणणारा पाप करतो. पण घरातली नव्वद टक्के कुरबूर तशी नसते. लूक 12 मध्ये एक माणूस प्रभूला म्हणतो, माझ्या भावाला सांगा, वतनाचा वाटा दे. प्रभूनं न्यायनिवाडा केला नाही. मला तुमचा वाटणी करणारा कोणी नेमलं, असं विचारलं आणि लोभापासून सांभाळा म्हणाला. जिथं वाटण्या निघतात तिथं बहीणभावाचं नातं सरतं, हे मी या डोळ्यांनी पाहिलंय.

रावेरची लेक

आजोबा, लोभापासून सांभाळा हे खरं, पण लोभ कोणाचा? मागणाऱ्याचाच असतो असं नाही, दाबून ठेवणाऱ्याचाही असतो.

गणना 27 मध्ये सलाफहादाच्या पाच मुली मोशेसमोर, याजकासमोर, सगळ्या मंडळीसमोर उभ्या राहिल्या. आमच्या बापाला मुलगा नव्हता म्हणून त्याचं नाव का पुसावं, आम्हाला वतन द्या, असं सांगितलं. मोशेनं परमेश्वराला विचारलं. उत्तर आलं, मुलींचं म्हणणं रास्त आहे. लोभी आहात असं कोणी म्हटलं नाही.

आमच्याकडे काय होतं ते सांगते. बाप गेला की तेराव्या-चौदाव्याची पद्धत आपल्यात नसली तरी हक्कसोडीची पद्धत मात्र आहे. ‘आंडेर परक्या घरनी’, म्हणजे लेक परक्या घरची, म्हणायचं, भावानं साडी घ्यायची, बहिणीनं निबंधक कार्यालयात सही करायची. कायदा वेगळं सांगतो. 1925 च्या भारतीय उत्तराधिकार कायद्यात मृत्युपत्र नसेल तर ख्रिस्ती विधवेला एक तृतीयांश आणि उरलेलं मुलगा-मुलगी न बघता लेकरांत सारखं. केरळमधल्या ख्रिस्ती मुलींना हे मिळायला मेरी रॉय यांना सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावं लागलं, 1986 मध्ये निकाल लागला. आपल्याला कोर्टाची पायरी चढायचीही गरज नाही, फक्त सही न करण्याची गरज आहे. बहिणीनं मनापासून सोडलं तर ते दान. पण ‘काय बाई, भावाशी वाद घालतेस’ हे ऐकून सोडलं तर ते दान नाही.

पिंपळनेरचे आजोबा

कायदा मला माहीत आहे आणि मान्य आहे. माझ्या तिन्ही मुलींची नावं मी स्वतः मृत्युपत्रात घातली आहेत, माझ्या जिवंतपणी, कोणी मागायच्या आधी. बापानं मागायची वेळच येऊ देऊ नये. पण हे मोठ्यांनी आपसांत करावं. पोरांच्या देखत बिघे आणि गुंठे मांडू नका. मामा-मावशीकडे ती मग वाटेकरी म्हणून बघायला लागतात. यावर मी ठाम आहे.

रावेरची लेक

तुम्ही मृत्युपत्र केलंत, ऐकून बरं वाटलं. सगळे बाप करत नाहीत, माझ्या वडिलांनी केलं नव्हतं.

पोरांच्या देखत नको, हे मात्र मी मानणार नाही. बंद दाराआड झालं तर पोरांच्या कानावर येतं ते फक्त रागाचं बोलणं. आम्ही आईच्या ओसरीवर बसलो, सगळी नातवंडं होती. तलाठ्याकडे वारस नोंदीत आईचं, भावाचं आणि आम्हा दोघी बहिणींचं नाव लागलं. केळीची बाग भाऊ कसतो, खोडं त्यानं लावलेली, ठिबकचं कर्ज त्याच्या अंगावर, म्हणून बागेचं उत्पन्न त्याचं. आईचा दवाखाना त्यातून. जमीन विकायची झाली तर चौघांच्या सह्या. माझ्या मुलानं मामाला तिथंच विचारलं, “मामा, तुमचं कमी नाही झालं?” भाऊ म्हणाला, “झालं. पण जे गेलं ते माझं नव्हतं.” मग आईनं प्रार्थना केली आणि आम्ही जेवायला बसलो. पोरं अजूनही सुट्टीत मामाकडेच पळतात.