ऑक्सिजन मशीन, बायपॅप भाड्यानं द्यायचेत. नोंदणी लागते का?

अंबाजोगाईकर:
दवाखान्यातून घरी सोडलेल्या पेशंटसाठी ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर (हवेतून ऑक्सिजन काढून देणारं मशीन), बायपॅप (मास्कमधून दाबानं श्वासाला मदत करणारं), सक्शन मशीन (घशातला कफ ओढून काढणारं), फाउलर बेड (डोकं-पाय वरखाली होणारा) भाड्यानं द्यायचं दुकान टाकायचंय. विक्री नाही, फक्त भाडं. फार्मासिस्ट नाही. दुकान अंबाजोगाईत, गोदाम केजला. काय काय लागेल?

फार्मा_लातूर:
नोंदणी घ्याच. १ एप्रिल २०२० पासून सगळी वैद्यकीय उपकरणं कायद्यानं औषधांत मोडतात. सप्टेंबर २०२२ मध्ये वैद्यकीय उपकरण नियम, २०१७ दुरुस्त झाले आणि विक्रेत्यांची नोंदणी आली. अर्ज एमडी-४१, प्रमाणपत्र एमडी-४२, देणार राज्याचं अन्न व औषध प्रशासन. नियमात विक्रीबरोबर साठवणूक आणि वितरणही आहे. मशीन दुकानात ठेवलं की साठा झालाच, मग ते भाड्याचं का असेना.

फी ३,००० रुपये. दर ५ वर्षांनी तेवढीच भरून नोंदणी चालू ठेवायची. तारीख चुकली तर महिन्याला २ टक्के विलंब शुल्क, तेही १८० दिवसांपर्यंतच.

दुकानात तांत्रिक माणूस लागतो, पण तो फार्मासिस्टच पाहिजे असं नाही. कुठल्याही शाखेचा पदवीधर चालतो, किंवा बारावी पास आणि उपकरणं विकण्याचा १ वर्षाचा अनुभव असलेला माणूस. ज्यांच्याकडं औषध विक्रीचा चालू परवाना (नमुना २०, २१, २०बी, २१बी) आहे, त्यांना एमडी-४२ वेगळं लागत नाही.

परवाना_सल्ला:
अर्ज अडतो तो बहुतेक जागेच्या कागदांवर. भाडेकरारात एक पत्ता, लाईट बिलावर दुसरा, ग्रामपंचायतीच्या नमुना ८ मध्ये (घरपट्टीच्या उताऱ्यात) घर नंबरच वेगळा. आधी हे जुळवा, मगच फी भरा. केजचं गोदाम ही दुसरी जागा, तिचा अर्ज वेगळा करा. तांत्रिक माणसाचं अनुभवपत्र देणारा स्वतः नोंदणीकृत असावा, नाहीतर त्यावर शंका घेतली जाते.

अंबाजोगाईकर:
सोबत ऑक्सिजनचे सिलिंडर ठेवले तर?

परवाना_सल्ला:
मेडिकल ऑक्सिजन हे औषध आहे, उपकरण नाही. एमडी-४२ वर सिलिंडर देता येत नाही, औषध विक्रीचा परवानाच लागतो.

बायोमेडिकल_नांदेड:
आता जे तपासणीत सापडतं ते. बिलाशिवाय आणलेली जुनी मशीन दुकानात ठेवूच नका. खरेदी परवानाधारक उत्पादक, आयातदार किंवा नोंदणीकृत विक्रेत्याकडूनच हवी. लेबलवर परवाना क्रमांक बघा. भाड्याच्या वहीत सिरीयल नंबर, देण्या-आणण्याची तारीख, तास-मीटरचं (मशीन किती तास चाललं त्याचं) रीडिंग आणि परत आल्यावर मोजलेली ऑक्सिजनची शुद्धता लिहा. कॉन्सन्ट्रेटरमधून ९३ टक्क्यांच्या आसपास (३ टक्के इकडंतिकडं) ऑक्सिजन यायला पाहिजे. ९० च्या खाली गेलं तर फिल्टर आणि झिओलाइट (हवेतला नायट्रोजन शोषणारे आतले दाणे) तपासल्याशिवाय पुढच्या घरी पाठवू नका. कॅन्युला (नाकात लावायची नळी), मास्क, ट्यूब प्रत्येक पेशंटला नवीन.

आणि गोदाम पत्र्याचं असेल तर विचार करा. साठवणुकीचं तापमान लेबलप्रमाणे राखणं ही नोंदणीची अटच आहे. ही मर्यादा लेबलवरच बघा; चालवायची मर्यादा वेगळी असते, बहुतेक कॉन्सन्ट्रेटर ४० अंशांपर्यंतच चालवायचे असतात. मे महिन्यात आपल्याकडं बाहेरच ४२ असतं, पत्र्याखाली तर त्याहून जास्त. पेशंटच्या घरीही मशीन भिंतीपासून हातभर लांब, सावलीत ठेवायला सांगा.