शब्दचर्चा : ‘स्टुअर्डशिप’ला कारभारीपण म्हणावं का?

सगळ्यांना सलाम. आमच्या मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, वार्षिक पत्रकाचं मराठी यंदा माझ्याकडे आलंय. वर्ष म्हणजे उपासनावर्ष. ते जानेवारीत सुरू होत नाही, नाताळाआधीच्या चौथ्या रविवारी, आगमनकाळाबरोबर सुरू होतं. मसुद्यात उपासनेच्या काळांना ‘चर्चचे ऋतू’ म्हटलंय, आणि पानोपानी ‘स्टुअर्डशिप’ आहे, म्हणजे देवानं सोपवलेलं त्याचंच समजून सांभाळणं. कुठे त्याचं ‘विश्वस्तपण’ केलंय, कुठे ‘व्यवस्थापन’, आणि दशांशाच्या, म्हणजे उत्पन्नाचा दहावा भाग देवाला देण्याच्या, पानावर तर नुसतं ‘देणगी’. हा शेवटचा शब्द मला फार खटकतो. देणगी आपल्या खिशातून देतात. इथे खिसाच आपला नाही, हे तर सांगायचं आहे.

मला ‘कारभारीपण’ हवं आहे. शब्द नवा नाही, मराठी शास्त्रातलाच, म्हणजे बायबलातलाच, आहे. पेत्राच्या पहिल्या पत्राच्या चौथ्या अध्यायात ‘देवाच्या नानाविध कृपेचे चांगले कारभारी’ आपण लहानपणापासून वाचतो. मूळ ग्रीक शब्द ‘ओइकोनोमोस’. ओइकोस म्हणजे घर. ओइकोनोमोस म्हणजे घरची सगळी व्यवस्था बघणारा. किल्ल्या त्याच्या कमरेला, पण कोठार धन्याचं. आणि धनी हिशेब मागणार, हे त्याला पहिल्या दिवसापासून ठाऊक असतं.

तुमच्याकडे कोणता शब्द चालतो?

प्रतिसाद :
ताई, माझं आजोळ श्रीरामपूरकडचं. तिकडे बायका नवऱ्याला ‘आमचे कारभारी’ म्हणतात. हे वचन वाचलं की मागच्या बाकांवर हमखास खुसखुस व्हायची. शिवाय ‘काय कारभार करून ठेवलास!’ हे कौतुकानं कोणी म्हणत नाही. ‘बारभाईचा कारभार’ तर पुण्यातच जन्मला. बायकांनी स्वतःला काय म्हणवायचं, कारभारीण?

प्रतिसाद :
मी ‘विश्वस्त’च्या बाजूचा. श्रीमंतानं आपल्या संपत्तीचा मालक नव्हे, विश्वस्त म्हणून राहावं, हा विचार गांधीजींनी मांडला. त्यामुळे शब्दाला वजन आहे. आत ‘विश्वास’ही आहे. आणखी काय हवं?

मूळ लेखिका :
दादा, शब्द सुंदर आहे, वाद नाही. पण पुण्यात ‘विश्वस्त’ म्हटलं की कानात काय वाजतं? विश्वस्त मंडळ, धर्मादाय आयुक्तांचं कार्यालय, १९५० चा सार्वजनिक न्यास कायदा, निवडणूक, पॅनेल. एका मंडळीत मी दोन वर्षं अशा भांडणाची साक्षीदार होते. सेक्रेटरी, खजिनदार आणि विश्वस्त वगळता बाकी साडेतीनशे माणसांना वाटायचं की मिळकत सांभाळणं हे ‘त्यांचं’ काम, आपण थैलीत नोट टाकली की सुटलो. शब्दानं माणसं दूर राहिली, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. कारभारी मात्र घराघरात असतो.

आणि हो, कारभारीण. न लाजता म्हणावं. मला हा शब्द कळला तोच एका कारभारणीमुळे. आमची आजी रास्ता पेठेत दीड खोलीत राहायची. उपवासकाळाचे चाळीस दिवस, म्हणजे राखेच्या बुधवारपासून पुनरुत्थानदिनापर्यंत (ईस्टरपर्यंत) रविवार सोडून मोजलेले, तिच्या फळीवर डालड्याचा पिवळा डबा असायचा. दोन्ही वेळा भात टाकण्याआधी एक मूठ तांदूळ त्यात. मूठ आधी, घरचं माप नंतर. पाहुणे आले, महिनाअखेर आली, तरी हा क्रम बदलला नाही. एकदा तांदूळ कमी पडले म्हणून मी डब्यात हात घातला, तर तिनं मनगट धरलं. म्हणाली, “ते आपलं नाही गं, आपल्याकडे ठेवलंय.” त्या रात्री आम्ही पातळ पेज खाल्ली. पुनरुत्थानदिनाआधीच्या, झावळ्यांच्या रविवारी डबा महिला मंडळाकडे जायचा आणि रिकामा होऊन परत यायचा. याला मराठीत ‘मुष्टिफंड’ असा चांगला शब्द आहे. एकेक पैसा जमवून तळेगावच्या काच कारखान्याला उभं करणारा ‘पैसाफंड’ त्याच घराण्यातला.

बदनाम अर्थाबद्दल : लूकच्या सोळाव्या अध्यायातला कारभारीही लबाडच आहे. धन्याचे देणेकरी बोलावून शंभराचे पन्नास लिहायला लावतो. म्हणजे कारभार नासू शकतो, हे शास्त्रानंच धरून चाललंय. शब्दात तो धोका ऐकू येत असेल तर मला ते बरंच वाटतं.

प्रतिसाद :
कारभारीपण मान्य. पण मसुद्यात ‘चर्चचे ऋतू’ आहे म्हणता, ते कसं वाटतं? मला वसंत, ग्रीष्म आठवतात.

मूळ लेखिका :
मलाही. ‘काळ’ रुळलेला आहे : आगमनकाळ, उपवासकाळ, पुनरुत्थानकाळ. तोच ठेवू. ‘पर्व’ही मनात येतं, कारण पर्व म्हणजे उसाचं पेर, एक संपून दुसरं जिथे जोडलं जातं ती गाठ. पण तो शब्द पत्रकात जड होईल.

‘हंगाम’ हा शब्द मात्र एका सणासाठी राखून ठेवायला हवा. फारसीत त्याचा अर्थ वेळ. आमच्याकडे पाऊस सरला की हंगामाचा सण. एकेकाळी लोक शेतातलं पहिलं फळ आणायचे. आता मंडईतून दुधी, कणसं, केळीचे घड आणतो आणि उपासनेनंतर त्यांचा लिलाव होतो. गेल्या वर्षी एक लिंबू पाचशेला गेलं. घेणाऱ्या काकांनी ते शेजारच्या बाकावरच्या म्हातारीला दिलं आणि तिनं पुन्हा लिलावात ठेवलं. नोकरदाराचा हंगाम म्हणजे पगाराची तारीख, हे पाळकसाहेबांनी त्या दिवशी सांगितलं ते मला पटलं.

आणि आता मला ज्यासाठी हा धागा काढावासा वाटला तो शब्द. लूकच्या बाराव्या अध्यायात प्रभू विचारतो, योग्य वेळी घरच्यांना शिधा देण्यासाठी धनी ज्याला नेमील असा विश्वासू आणि शहाणा कारभारी कोण? तिथला ग्रीक शब्द ‘सितोमेत्रिऑन’. सितोस म्हणजे धान्य, मेत्रॉन म्हणजे माप. मापून दिलेलं धान्य. आपल्या शिधापत्रिकेतला शिधा! आणि त्याला जोडून ‘योग्य वेळी’. कारभारीपण आणि उपासनेचे काळ मसुद्यात दोन वेगळी प्रकरणं आहेत, पण या एका वाक्यात ती एकत्रच आहेत. काय द्यायचं याइतकंच कधी द्यायचं हेही कारभाऱ्याचं काम.

आपल्या पुण्यात तर काळ आणि शिधा किती जुळतात बघा. उपवासकाळ येतो फाल्गुन-चैत्रात, सोसायट्यांत टँकर सुरू होतात तेव्हा. तेव्हाचा शिधा पाणी. आपल्या गुरुवार पेठेतल्या पंचहौद चर्चचं नावच मुळी पाण्याच्या पाच हौदांवरून पडलंय. पुनरुत्थानदिनापासून पन्नासाव्या दिवसाचा सण मे-जूनमध्ये लाल वस्त्रानं होतो, आणि मग वेदीवर हिरवं चढतं ते थेट नोव्हेंबरअखेरपर्यंत. हा रंग ठरवणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे आपला पाऊस नक्कीच नव्हता, पण जुलैत वेताळ टेकडीवरून उतरून मी उपासनेला जाते तेव्हा आत-बाहेर एकच रंग असतो. तेव्हाचा शिधा झाडं. आगमनकाळ जांभळा, वाट बघण्याचा आणि हिशेब नीट लावून ठेवण्याचा. त्याच पानावर बाराव्या अध्यायातलं हे वाक्य टाकणार आहे.

प्रतिसाद :
शिधापत्रिकेचं कधी सुचलंच नव्हतं. ‘विश्वस्त’ मागे घेतो. फक्त ‘कारभारीपण’ की ‘कारभारपण’?

मूळ लेखिका :
कारभारीपण. इथे ‘पण’ माणसाला लागलंय : बाईपण, आईपण, तसं. दशांशाच्या पानावर ‘देणगी’ खोडून ‘अर्पण’ केलंय. छपाईला शुक्रवारी द्यायचंय. मुष्टिफंडाच्या डब्याला तुमच्या घरी दुसरं काही नाव असेल तर त्याआधी कळवा.