टोरेस ‘ढेपाळला’ की ‘हुकला’? आणि ‘लाइव्ह’ म्हणजे नेमकं कुठून?

शब्दकिडा:
स्पॅनिश फुटबॉलपटू फर्नांडो टोरेसच्या चेल्सी या लंडनच्या क्लबातल्या दिवसांवर लेख लिहितोय आणि दोन ठिकाणी अडलोय. भरपूर पैसे मोजून आणलेला स्ट्रायकर गोल करेनासा झाला तर त्याला मराठीत काय म्हणावं? ‘अपयशी’ निकालपत्रातलं वाटतं, ‘फ्लॉप’ सिनेमाचं. सध्या ‘ढेपाळला’ लिहून ठेवलंय, पण मन घेत नाही. दुसरी अडचण अशी, की ‘ती मॅच मी लाइव्ह पाहिली’ या वाक्यातून मी टीव्हीसमोर होतो की स्टेडियममध्ये, हे कळतच नाही.

चाळीतला चेल्सीवाला:
जखमेवर मीठ चोळल्याबद्दल आभार! ३१ जानेवारी २०११ला तो लिव्हरपूलकडून ५ कोटी पौंडांना आला, ब्रिटनमधला तेव्हाचा विक्रम. ६ फेब्रुवारीला पहिली मॅच, तीही नेमकी लिव्हरपूलशी, आपल्याच मैदानावर, आणि ०-१ने हरलो. पहिला गोल व्हायला २३ एप्रिल उजाडला. वेस्ट हॅमविरुद्ध, धो धो पावसात. डबक्यात बॉल अडला आणि यानं वळून मारला. तोवर ९०३ मिनिटं खेळून झाली होती. मी तरी सरळ ‘अखेर भोपळा फोडला’ असं लिहिलं असतं.

रंकाळा:
भोपळा परीक्षेत नाहीतर क्रिकेटात. तो एका डावाचा असतो. अडीच-तीन महिन्यांचा भोपळा कसला, तो वेल झाला. पहिल्या गोलाला ‘खातं उघडलं’ बरं.
आता ‘ढेपाळला’. भावा, ढेपाळणं म्हणजे अंगातलं बळ जाणं. डाव ढेपाळतो, उत्तरार्धात अख्खा संघ ढेपाळतो. टोरेस पळत होता की! इथं कोल्हापुरात शाहू स्टेडियमात पाटाकडील तालीम किंवा शिवाजी तरुण मंडळाची मॅच असली की गॅलरीतून फॉरवर्डवर आरडाओरडा होतोच, पण लोक शब्द तोलून मापून वापरतात. बॉलच येईना तर ‘पोराला उपाशी ठेवलंय’; हे बोलणं त्याला नाही, मागच्या हाफला, म्हणजे मधल्या फळीला, असतंय. बॉल येऊन पोस्टच्या बाहेर गेला तर ‘हुकला’. आणि हात कमरेवर ठेवून उभा असला तर ‘पाट्या टाकतोय’. मग त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार. तुमचा टोरेस यातला कुठला ते आधी ठरवा.

शब्दकिडा:
‘पाट्या टाकणे’ नक्कीच नाही. ‘हुकणे’ मात्र आवडलं. चुकणे आणि हुकणे आपण जोडीनं बोलतो, पण दोन्ही एक नव्हेत. गणित चुकतं, गाडी हुकते. चुकण्यात दोष आहे; हुकण्यात थोडक्यात निसटल्याची हळहळ. नेमाला दोन्ही चालतात, तरी ‘नेम हुकला’ म्हटलं की नेम धरणाऱ्याबद्दल जरा सहानुभूती वाटते. गंमत म्हणजे हे ज्याला होतं तो आधी ‘हुकमी’ स्ट्रायकर असतो. कानाला सख्खे वाटले तरी या शब्दांचं नातं नाही. हुकमी आला हुकूम या अरबी शब्दातून, तोच पत्त्यांतला हुकमाचा एक्का.

चाळीतला चेल्सीवाला:
सहानुभूती कशाला? लिव्हरपूलकडून लीगच्या १०२ सामन्यांत ६५ गोल, आमच्याकडून ११० सामन्यांत २०. याला हळहळ म्हणत नाहीत.
पण हुकण्यावरून आठवलं. १८ सप्टेंबर २०११, मँचेस्टर युनायटेडचं ओल्ड ट्रॅफर्ड. गोलकीपर डे हेआला चकवून पुढे गेला, समोर रिकामा गोल, आणि बॉल बाहेर! त्याच मॅचमध्ये आधी त्यानं सुंदर गोल केला होता, तो कुणाच्या लक्षातही नाही. हरलो १-३. मग २४ एप्रिल २०१२, बार्सिलोनात चॅम्पियन्स लीगची उपांत्य फेरी. आमचा कर्णधार टेरी याला लाल कार्ड मिळाल्यामुळे आमचे दहाच जण, भरपाई वेळ सुरू, आणि हा एकटा अर्ध्या मैदानातून पळत सुटला. पुन्हा कीपरला चकवलं, पुन्हा रिकामा गोल. या वेळी आत. सामना २-२, पण दोन्ही लेग मिळून आम्ही अंतिम फेरीत. आपल्याकडे तेव्हा मध्यरात्र उलटून गेली होती. माझ्या ओरडण्यानं अख्खी चाळ जागी झाली.

लंडनच्या उपनगरातून:
म्हणून ‘हुकला’ एका फटक्याला ठीक आहे, पूर्ण हंगामाला नाही. हंगाम हुकत नाही. (दुखापतीनं बाहेर बसला तर हुकतो, पण तो वेगळा अर्थ.) चालू राहिलेल्या अवस्थेला मराठी क्रीडापानांनी पूर्वीपासून ‘सूर हरपला’ केलंय, आणि तो मला चपखल वाटतो. गळा तोच, रियाज तोच, पण सूर लागत नाही. टोरेसच्या गुडघ्यावर २०१०च्या एप्रिलमध्ये शस्त्रक्रिया झाली होती, पूर्वीचा वेग राहिला नव्हता. शिवाय याच काळात त्यानं २०१२च्या युरो स्पर्धेत सर्वाधिक गोलांचा गोल्डन बूट घेतला आणि २०१३च्या युरोपा लीगच्या अंतिम सामन्यात बेन्फिकाविरुद्ध गोल केला. अशा माणसाला ‘अपयशी’ लिहिलंत तर मी पत्र पाठवीन.

आता ‘लाइव्ह’. इथं हा गोंधळ कमी होतो त्याला एक कारण आहे. शनिवारी दुपारी तीनला सुरू होणारे लीगचे सामने इंग्लंडमध्ये टीव्हीवर दाखवतच नाहीत. पावणेतीन ते सव्वापाच बंदी असते, म्हणजे लोक घरी न बसता लहान क्लबांच्या मैदानांवरही जातील. साठच्या दशकापासूनची पद्धत. त्यामुळे तीनची मॅच लाइव्ह पाहिली म्हणजे तिकीट काढून पाहिली. तीच मॅच पुण्यातला माझा भाऊ थंडीत रात्री साडेआठला जेवता जेवता टीव्हीवर बघतो आणि मला गोल कळवतो. मी मैदानापासून तीन मैलांवर!

रंकाळा:
म्हणजे लाइव्ह तुमच्या भावाचं आणि गाव तुमचं. लई भारी.

शब्दकिडा:
टीव्हीसाठी ‘थेट प्रक्षेपण’ रुळलेलं आहेच. ‘थेट पाहिली’ म्हटलं तरी टीव्हीच समजतात. स्टेडियमसाठी ‘प्रत्यक्ष’ लिहावं असं वाटतंय. शब्दातच अक्ष, म्हणजे डोळा, आहे.

मडगावहून:
डोळा टीव्हीसमोरही असतोच की. साधं ‘मैदानात जाऊन पाहिली’ लिहा, कुणाला शंका येणार नाही. फार भरून आलं असेल तर ‘याचि देही याचि डोळा’ आहे, पण ते ०-० सुटलेल्या सामन्याला वापरू नका.

माझ्या मते तुमचे दोन्ही प्रश्न एकच आहेत. स्ट्रायकरला कुठला शब्द लावायचा हे तुम्ही कुठून बघता त्यावर ठरतं. टीव्हीचा कॅमेरा बॉलमागे जातो. स्ट्रायकर कोरोमिनास आमच्या एफसी गोवाकडून खेळायचा, २०१७-१८ आणि २०१८-१९ असे लागोपाठ दोन हंगाम आयएसएलचा (इंडियन सुपर लीगचा) गोल्डन बूट त्याचा. टीव्हीवर तो एकदम गोलसमोर उगवल्यासारखा वाटे. इथल्या फातोर्डा स्टेडियमच्या स्टँडमधून मात्र दिसायचं, की बॉल अजून आमच्याच हाफमध्ये असताना हा बचावपटूच्या पाठीमागून सरकायला लागलाय. दहा वेळा तसा पळतो आणि नऊ वेळा पास येतच नाही. ही नऊ वेळची धाव घरी बसलेल्याला दिसत नाही. तो म्हणणार, ‘आज गायब होता’. क्षणचित्रं बघणाऱ्याला तर फक्त हुकलेलेच दिसतात. तेव्हा टोरेसचे सामने घरूनच पाहिले असतील तर ‘ढेपाळला’ वगैरे लिहिण्याआधी दहादा विचार करा.

चाळीतला चेल्सीवाला:
टीव्हीला एवढी नावं ठेवू नका. फोनवर बघणाऱ्यांचं बघा. समोरच्या घरातून आरोळी येते आणि यांच्या फोनवर अजून कॉर्नर घ्यायचाय. त्याला थेट म्हणायचं की विलंबित?

लंडनच्या उपनगरातून:
विलंबित ख्याल.

शब्दकिडा:
‘गायब होता’ हा शब्द राहूनच गेला होता, घेतो. शीर्षकात ‘सूर हरपलेला’, ओल्ड ट्रॅफर्डच्या परिच्छेदात ‘हुकला’. अजून एक विचारून घेतो. वेस्ट हॅमविरुद्धचा तो गोल ‘झळकावला’ म्हणू का?

रंकाळा:
शतक झळकावतात. डबक्यातला गोल कसला झळकतोय? ‘डागला’ पण नको, तो तीस यार्डांवरनं जाळी फाडणाऱ्याला ठेवा. ‘मारला’ म्हणा. टोरेसचा भलताच राग असेल तर ‘झाला’ म्हणा.

मडगावहून:
‘डागला’वरून एक जुनी हळहळ. ‘गोलंदाज’ म्हणजे मुळात तोफ डागणारा, तिरंदाजाचा भाऊ. स्ट्रायकरला काय शोभला असता! पण क्रिकेटवाल्यांनी तो आधीच पळवला.

चाळीतला चेल्सीवाला:
बरं झालं पळवला. तोफवाले म्हणजे लंडनमधलाच दुसरा क्लब, आर्सेनल. आमच्या स्ट्रायकरला तो शब्द फुकट दिलात तरी नको.