एलएमएस आणावी, पण पीडीएफचं गोदाम करायला नको

भौतिकशास्त्राची शिक्षिका (धागाकर्ती):
पुढच्या सत्रापासून सगळ्या कॉलेजने एकच ऑनलाइन शिक्षण प्रणाली (एलएमएस) वापरावी, असा प्रस्ताव आमच्याकडे आला आहे. माझा पाठिंबा आहे. आज नोट्स व्हॉट्सअ‍ॅपवर, असाइनमेंट ईमेलवर आणि गुण ज्याच्या त्याच्या एक्सेलमध्ये असतात. कोणती गोष्ट कुठे आहे हे शोधण्यातच मुलांचा जीव मेटाकुटीला येतो.

पण निव्वळ नोट्स चढवण्यासाठी हा खटाटोप नको. मला ती हवी आहे चाचण्यांसाठी. रोडिगर आणि कार्पिके या मानसशास्त्रज्ञांचा २००६चा प्रयोग बघा: उतारा परत परत वाचणाऱ्यांना पाच मिनिटांनी जास्त आठवलं, पण आठवड्याने मात्र आठवून लिहिण्याचा सराव केलेले पुढे होते. दर आठवड्याला छोटी, बिनगुणांची चाचणी घ्यायला हवी हे आपल्याला पटतं, पण एवढे कागद तपासणार कोण? मूडल या एलएमएसमध्ये एकच गणित प्रत्येकाला वेगळे आकडे घालून देता येतं आणि उत्तर चुकलं तर त्याच क्षणी इशारा दाखवता येतो. प्रश्नपेढी एकदा नीट बांधली की वर्षानुवर्षं उपयोगी पडते.

इतिहासाचा शिक्षक:
मॅडम, माझा विरोध आहे. तुमच्या विषयात उत्तर आकड्यात येतं. माझ्याकडे विद्यार्थ्याने दोन साधनं समोर ठेवून वाद घालायचा असतो. यंत्राला तपासता येतं तेवढंच हळूहळू विचारलं जाऊ लागेल, ही माझी खरी भीती आहे. दुसरं, या प्रणाली प्रत्येक क्लिकची नोंद ठेवतात. पान उघडलं हे त्यातून कळतं, वाचलं का ते कळत नाही. उद्या याच नोंदींवरून मुलांची हजेरी आणि आमचं मूल्यमापन ठरलं, तर आपण कुणाकडे दाद मागणार?

संगणक विभागातून:
तुमचा वाद चालू द्या, पण कोणतीही प्रणाली घेण्याआधी तिच्यातून बाहेर कसं पडायचं ते विचारा. वेबसीटी ही एलएमएस एके काळी कितीतरी विद्यापीठांत होती. २००६मध्ये ब्लॅकबोर्ड या कंपनीने ती विकत घेतली, पुढे बंद केली आणि लोकांना अभ्यासक्रम दुसरीकडे हलवावे लागले. कॉमन कार्ट्रिज या प्रमाणित स्वरूपात मजकूर आणि प्रश्न बाहेर काढता येतात, मात्र विद्यार्थ्यांची उत्तरं आणि गुण त्यात येत नाहीत. ते कसे जपणार, हे करारातच लिहून घ्या.

मूडल २००२पासून मुक्त स्रोत आहे, परवाना शुल्क नाही. पण सर्व्हर, बॅकअप आणि सुरक्षा अपडेट बघायला पूर्णवेळ माणूस लागतो. तो नेमणार नसाल, तर प्रस्ताव इथेच थांबवा.

तिसऱ्या वर्षाची विद्यार्थिनी:
आमच्याशीही कुणी बोला. आमच्यातले बरेच जण सगळं मोबाइलवरच करतात. पाच विषयांची मुदत एकाच रात्री ११:५९ला संपते, तेव्हा प्रणाली कितीही चांगली असली तरी उपयोग नसतो. सगळ्या विषयांचं मिळून एक वेळापत्रक ठेवा. आणि पुस्तकाची पानं स्कॅन करून टाकू नका. अशी पीडीएफ म्हणजे नुसतं चित्र असतं, दृष्टिहीन मित्रांचा स्क्रीन रीडर ते वाचत नाही.

धागाकर्ती:
स्कॅनचा मुद्दा शंभर टक्के मान्य. सर, क्लिकच्या नोंदी हजेरीसाठी किंवा मूल्यमापनासाठी वापरणार नाही, असं ठरावातच घालू या, मी सही करेन. चाचण्यांबाबत मात्र मी मागे हटणार नाही. तुमच्या विषयासाठी मूडलमध्ये ‘वर्कशॉप’ आहे. तुम्ही निकष ठरवायचे, मुलांनी त्यावरून एकमेकांचे निबंध तपासायचे. दुसऱ्याचा युक्तिवाद कुठे लंगडा पडतो हे शोधणं हाही इतिहासाचाच अभ्यास आहे ना?

इतिहासाचा शिक्षक:
आहे, आणि ते मी वर्गात समोरासमोर करून घेतो. निकष लिहा, मुलांनी दिलेले गुण पुन्हा बघा, रुसवे-फुगवे मिटवा, हे सगळं करणार मीच. तुमच्या प्रश्नपेढीलाही सुट्टीतले तास जाणार. प्रस्तावात सॉफ्टवेअरचा खर्च आहे, प्रशिक्षणाचा एक दिवस आहे, शिक्षकांच्या तासांचा एका ओळीतही उल्लेख नाही. पहिल्या वर्षी प्रत्येकाच्या तासिका कमी करणार असतील, तर मी माझा एक अभ्यासक्रम तुमच्या पद्धतीने चालवून बघतो. तोवर माझं मत विरोधातच धरा.